‘मासे थंड रक्ताचे असतात’

गाळलेल्या जागा भरा. मासे हे ________ रक्ताचे प्राणी आहेत. (१ गुण)

हा प्रश्न मी किती चाचण्यांमध्ये काढला असेल याचा हिशेब नाही. मी मूळचा इतिहास आणि मराठीचा शिक्षक. पण लहान शाळेत विज्ञानाच्या शिक्षकाची बदली झाली की ते तास कोणाला तरी घ्यावेच लागतात, तसे ते बरीच वर्षं माझ्याकडे आले. मराठी माध्यमातून बी.ए. झालेल्या माणसाने विज्ञान शिकवायचं तर पुस्तकाचं बोट सोडायचं नाही, हा माझा नियम. पुस्तकात होतं, मासे थंड रक्ताचे. एकदा एका मुलाने विचारलं, “सगळेच, सर?” मी म्हणालो, “सगळेच,” आणि फळ्याकडे वळलो.

माझं उत्तर चूक होतं. मी ते दिलं तेव्हाही चूक होतं, आणि चूक असल्याचं छापून येऊनही बरीच वर्षं झाली होती. हे मला कळलं निवृत्तीनंतर, तेही दुसरंच काही वाचताना. मी वाचत होतो भूगर्भशास्त्राच्या जन्माची गोष्ट, आणि निघालो शार्क माशाच्या रक्तापर्यंत. विज्ञान मला अजूनही बेताचंच कळतं, पण एखादी चूक तीनशे वर्षं कशी टिकते हा प्रश्न इतिहासाचा आहे. म्हणून हा खटाटोप.

सुरुवात १६६६ सालापासून करू. आपल्याला हे वर्ष चांगलं ठाऊक आहे, शिवाजी महाराज आग्र्याहून निसटले ते याच वर्षी ऑगस्टमध्ये. त्यानंतर दोनच महिन्यांनी, ऑक्टोबरमध्ये, इटलीत लिव्होर्नोजवळ कोळ्यांनी एक प्रचंड शार्क पकडला. तस्कनीचा ग्रँड ड्यूक फर्दिनांद दुसरा याला विद्येची आवड. त्याने हुकूम सोडला की माशाचं डोकं फ्लॉरेन्सला पाठवा आणि आपल्या पदरी असलेल्या निल्स स्टेनसन या डॅनिश शरीरशास्त्रज्ञाकडून त्याची चिरफाड करून घ्या. लोक त्याला स्टेनो म्हणत. वय अवघं अठ्ठावीस, पण लाळेची मुख्य नलिका शोधून त्याने आधीच नाव कमावलेलं.

स्टेनोने डोकं तपासलं. कातडीवरची बारीक छिद्रं पाहिली, आकाराच्या मानाने फारच लहान असलेला मेंदू पाहिला, आणि मग दातांपाशी येऊन थांबला. कारण असे ‘दात’ त्याने आधी पाहिले होते, दगडाच्या रूपात. माल्टा बेटावरच्या खडकांत हे त्रिकोणी दगड खूप सापडत. त्यांना ‘जिभेचे दगड’ म्हणत. संत पॉलला त्या बेटावर साप चावला, त्याने शाप दिला आणि सापांच्या जिभा दगड झाल्या, अशी लोककथा. विषावर उतारा म्हणून श्रीमंत माणसं हे दगड जवळ बाळगत. स्टेनोने दगड आणि दात शेजारी ठेवून पाहिले आणि १६६७ साली लिहिलं की हे दगड म्हणजे पूर्वीच्या शार्कचे दात असावेत. ‘असावेत’ हा शब्द त्याचा. तो फार सावध माणूस होता. असं म्हणणारा तो पहिलाही नव्हता, फाबिओ कोलोना या इटालियन पंडिताने १६१६ साली हेच सांगितलं होतं. पण समुद्रातल्या प्राण्याचा दात डोंगरातल्या खडकात शिरला कसा, हा पुढचा प्रश्न स्टेनोने सोडला नाही, आणि त्यातून १६६९ मध्ये थरांवर थर साचून खडक बनतात हा विचार मांडला. आज भूगर्भशास्त्राच्या पहिल्या धड्यात तो असतो.

एक गंमत सांगतो. स्टेनोच्या पुस्तकातलं शार्कच्या डोक्याचं प्रसिद्ध चित्र त्याने चिरलेल्या डोक्याचं नाहीच. ते मिकेले मेर्काती नावाच्या आधीच्या विद्वानाच्या, तोपर्यंत न छापलेल्या ग्रंथासाठी कोरलेलं चित्र होतं. मासा एक आणि चित्र दुसऱ्याच माशाचं! तेव्हा कोणाला त्यात वावगं वाटलं नाही. एक शार्क पाहिला की सगळे पाहिले. (“सगळेच, सर?” “सगळेच.” असो.)

आता जवळजवळ शंभर वर्षं पुढे येऊ. १७५८ साली स्वीडनच्या कार्ल लिनियसने आपल्या ‘सिस्टेमा नाचुरे’ या ग्रंथाची दहावी आवृत्ती काढली. प्राण्यांना दोन शब्दांची लॅटिन नावं देण्याची रीत तिथून पक्की झाली. त्यात त्याने सगळ्या प्राण्यांची वाटणी हृदय आणि रक्त यांवरून केली. सस्तन प्राणी आणि पक्षी उष्ण, लाल रक्ताचे. उभयचर आणि मासे थंड, लाल रक्ताचे. शार्कना तर त्याने माशांतही घेतलं नाही, बेडूक आणि साप यांच्याबरोबर उभयचरांत ढकललं. ती चूक पुढच्या लोकांनी दुरुस्त केली आणि शार्क माशांत परत आले. पण ‘थंड’ हा शब्द दोन्ही खोल्यांच्या दारावर लिहिलेला होता. शार्कने खोली बदलली, पाटी तीच राहिली. माझ्या चाचणीतल्या गाळलेल्या जागेचं मूळ बहुधा तिथेच आहे.

लिनियसचं फारसं चुकलं असं मात्र म्हणता येत नाही. माशाला थंड राहण्यावाचून गत्यंतर नसतं, असंच कोणालाही वाटेल. कारण असं. माशाचे स्नायू काम करतात तेव्हा आपल्यासारखीच उष्णता निर्माण होते, ती रक्तात उतरते. पण तेच रक्त प्राणवायू घ्यायला कल्ल्यांत जातं. कल्ल्यांत रक्त आणि समुद्राचं पाणी यांच्यामध्ये फक्त अगदी पातळ पडदा. प्राणवायू आत यायचा तर तो पातळच हवा. पण जिथून प्राणवायू आत येतो तिथूनच ऊब बाहेर जाते, आणि पाणी तर हवेपेक्षा कितीतरी भराभर उष्णता ओढून घेतं. म्हणजे रक्ताच्या प्रत्येक फेरीला सगळी कमाई समुद्रात. अशा घरात ऊब साठणार कशी?

तरीही ती साठते हे पहिल्यांदा आकड्यात मांडलं ते जॉन डेव्ही याने. हा प्रसिद्ध रसायनशास्त्रज्ञ हम्फ्री डेव्हीचा धाकटा भाऊ. ब्रिटिश सैन्यात डॉक्टर, श्रीलंकेत काही वर्षं नोकरी केलेला. त्याला एक छंद होता, जो प्राणी हाती लागेल त्याच्या अंगात थर्मामीटर खुपसून पाहायचं. उष्ण कटिबंधातल्या समुद्रात बोनिटो मासा पकडला गेला तेव्हा त्याने तेच केलं. पाणी ८०.५ अंश फॅरनहाइट, आणि माशाच्या अंगात ९९. आपल्या हिशेबाने त्या माशाला बारीक ताप होता म्हणा ना! हा बोनिटो ट्यूनाच्या, म्हणजे कोकणात ज्याला कुपा किंवा गेदर म्हणतात त्यांच्या नात्यातला. १८३५ साली डेव्हीने रॉयल सोसायटीपुढे हे मांडलं आणि मासे झाडून सारे थंड रक्ताचे असतात या समजुतीला हा अपवाद आहे, असं स्पष्ट नोंदवलं.

मग काय झालं? फारसं काहीच नाही. अपवाद म्हणून नोंद झाली आणि नियम तसाच राहिला. आम्ही व्याकरण शिकवताना करतो तसंच. अपवादांची यादी पाठ करून घ्यायची, पण नियमाला प्रश्न विचारायचा नाही.

पुढचा टप्पा १९२३ चा. त्या वर्षी दोन टोकांना दोन माणसांचं काम प्रसिद्ध झालं. जपानमध्ये कामाकिची किशिनोऊये याने ट्यूना आणि त्याच्या नातलगांवर मोठा ग्रंथ लिहिला. ट्यूनाच्या रक्तवाहिन्यांची रचना त्याला इतकी वेगळी वाटली की बाकीच्या हाडाच्या माशांपासून त्यांना वेगळं काढून त्याने त्यांचा स्वतंत्र गणच केला. (तो पुढे टिकला नाही.) आणि इंग्लंडमध्ये आर. एच. बर्न याने पोरबीगल या शार्कच्या रक्तवाहिन्यांचं सविस्तर वर्णन छापलं. पोरबीगल हा उत्तर अटलांटिकच्या थंड पाण्यातला भरदार, चंद्रकोरीसारख्या शेपटीचा वेगवान शार्क. माको आणि ग्रेट व्हाइट यांचा सख्खा भाऊबंद.

बर्नने पाहिलेली गोष्ट समजून घ्यायला आपण स्वयंपाकघरात जाऊ. बांगड्याची तुकडी पाहिलीत तर कातडीच्या अगदी खाली, बाजूने गेलेला काळपट पट्टा दिसतो. तो लाल स्नायू. मासा संथपणे सतत पोहतो तो या स्नायूच्या जोरावर, आणि बहुतेक माशांत तो असाच कातडीलगत, थंड पाण्याच्या शेजारी असतो. कुप्याची तुकडी मात्र वेगळी दिसते. तिच्यात काळं मांस आत, काट्याच्या बाजूला सरकलेलं असतं. पोरबीगल, माको आणि ग्रेट व्हाइट यांच्यातही तसंच. भट्टी घराच्या ओसरीवर न मांडता माजघरात मांडावी, तशी.

आणि दुसरी गोष्ट त्याहून नवलाची. बहुतेक माशांत कल्ल्यांतून निघालेलं रक्त कण्याखालच्या मोठ्या रोहिणीतून शरीरभर जातं. या शार्कमध्ये त्यातला बराच भाग आधी कुशीला, कातडीखालच्या वाहिन्यांत येतो आणि तिथून आत वळतो. आत जाताना त्या वाहिन्यांच्या असंख्य बारीक फांद्या होतात, आणि आतून परत येणाऱ्या नीलांच्या तितक्याच बारीक फांद्या त्यांना चिकटून, उलट दिशेने वाहत असतात. याला शरीरशास्त्रात जुनं लॅटिन नाव आहे, ‘रेते मिराबिले’, म्हणजे अद्भुत जाळं. आतून येणारं रक्त गरम, बाहेरून जाणारं गार. दोघं अंगाला अंग घासून जातात. गरम रक्त आपली ऊब गार रक्ताला देऊन टाकतं आणि ते ती परत आत घेऊन जातं. कल्ल्यांपाशी पोचतं ते आधीच गार झालेलं रक्त. समुद्राला द्यायला त्याच्याकडे काही उरलेलंच नसतं. बाहेर पडू पाहणारी ऊब उंबरठ्यावरूनच घरात परत, असं समजा.

शंभर वर्षांपूर्वी हे जाळं कागदावर रेखाटलेलं होतं. डेव्हीचा थर्मामीटर तर त्याच्याही नव्वद वर्षं आधीचा. दोन्ही गोष्टी ग्रंथालयाच्या कपाटांत होत्या. मग शार्कच्या अंगात थर्मामीटर घालायला आणखी शेहेचाळीस वर्षं का लागावीत? मला सुचणारं कारण साधं आहे. शरीरशास्त्रज्ञाच्या टेबलावर येणारा मासा मेलेला असतो, आणि मेलेला मासा थंडच असतो. स्टेनोकडे तर नुसतं डोकं आलं होतं. ऊब ही जिवंतपणी असणारी गोष्ट आहे, आणि बोटीवरच्या कोळ्याला जी हाताला लागू शकते ती टेबलापर्यंत पोचत नाही.

पोचवली ती अमेरिकेतल्या वुड्स होल सागरविज्ञान संस्थेच्या फ्रँक कॅरी आणि जॉन टील यांनी. १९६६ साली त्यांनी ट्यूनाच्या स्नायूत उष्णता कशी राखली जाते हे दाखवलं. मग ते शार्ककडे वळले आणि १९६९ मध्ये एक छोटा निबंध छापला. माको आणि पोरबीगल हे गरम अंगाचे शार्क आहेत, एवढंच त्यात सांगायचं होतं. नुकत्याच पकडलेल्या माशांचे आतले स्नायू समुद्राच्या पाण्यापेक्षा सात ते दहा अंश सेल्सियसने गरम भरले. ‘रेते मिराबिले’ कशासाठी आहे याचं उत्तर थर्मामीटरने दिलं. १९८५ मध्ये कॅरी आणि बार्बरा ब्लॉक यांनी दाखवलं की या शार्कचे डोळे आणि मेंदूही पाण्यापेक्षा गरम असतात. पोट गरम असतं हेही कळलं. गरम पोटात अन्न लवकर पचतं, गरम स्नायू भराभर आखडतो, गरम डोळा वेगाने पळणाऱ्या भक्ष्याचा माग अधिक नीट घेतो. अलास्काच्या बाजूच्या सामन शार्कची २००५ साली तपासणी झाली तेव्हा तर असं दिसलं की त्याचा लाल स्नायू वीस अंशांखाली गार झाला की नीट कामच करत नाही. आपल्या किंवा जनावरांच्या स्नायूसारखा! आणि हा मासा राहतो पाच-सात अंशांच्या पाण्यात.

ट्यूना हाडांचा मासा आणि शार्क कूर्चेचा. त्यांचे पूर्वज वेगळे होऊन चाळीस कोटींहून अधिक वर्षं झाली. तरी लांब पल्ला आणि वेग या एकाच गरजेपोटी दोघांनी स्वतंत्रपणे तेच जाळं विणलं. २०१५ साली युकी वातानाबे आणि सहकाऱ्यांनी वेगवेगळ्या माशांवर बसवलेल्या यंत्रांच्या नोंदी एकत्र करून पाहिल्या. त्याच आकाराच्या थंड माशांपेक्षा असे गरम मासे अडीचपटीहून अधिक वेगाने सहज पोहतात, आणि वर्षभरातला त्यांचा प्रवासही सुमारे अडीचपट लांबीचा असतो, असं त्यांना आढळलं.

इथवर ही शोधाची गोष्ट झाली, आणि इथेच थांबलो असतो तर मलाही बरं वाटलं असतं. पण मला सालं जुळवायची सवय आहे. १९६९ या सालाशेजारी दुसरी एक नोंद सापडली आणि मी त्या दिवशी पुस्तक मिटून ठेवलं.

१९६१ साली नॉर्वेच्या बोटी पोरबीगलच्या शोधात अटलांटिक ओलांडून कॅनडा आणि न्यू इंग्लंडच्या बाजूला आल्या. त्यांच्या बाजूच्या समुद्रातला पोरबीगल तोवर कमी झाला होता. इथे तो भरपूर होता. गळ लावलेल्या लांबच लांब दोऱ्या टाकून पकडायचा, युरोपात मांसाला गिऱ्हाईक होतं. १९६४ पर्यंत वर्षाची पकड नऊ हजार टनांच्या वर गेली. आणि मग कोसळली. सहा-सात वर्षांत ती मासेमारी संपली. म्हणजे पोरबीगलच्या अंगात ऊब असते हे जगाला सांगणारा निबंध १९६९ मध्ये छापून आला, तेव्हा त्या समुद्रातले पोरबीगल बहुतांशी मारून झाले होते.

इतक्या लवकर कसे संपले? त्याचं उत्तर पुढे सापडलं, तेही मजेशीर मार्गाने. शार्कच्या मणक्यात झाडाच्या खोडासारखी वर्तुळं असतात. पण एक वर्तुळ म्हणजे एक वर्ष की अर्धं, यावर वाद होता. १९५० आणि ६० च्या दशकांत अणुबॉम्बच्या चाचण्यांमुळे हवेतला किरणोत्सारी कार्बन एकदम वाढला. तो समुद्रात उतरला आणि तेव्हा जिवंत असलेल्या शार्कच्या मणक्यांत त्याची खूण उमटली. जणू देवाने नव्हे, माणसाने मारलेला तारखेचा शिक्का. २००२ साली स्टीव्हन कॅम्पाना आणि सहकाऱ्यांनी तो वाचला, आणि पोरबीगलचं एक वर्तुळ म्हणजे एक वर्ष हे पक्कं झालं. मादी पिल्लं देण्याजोगी व्हायला तेरा वर्षं लागतात. आणि एका वेळी पिल्लं किती? साधारण चार. ग्रेट व्हाइटचं असंच वय काढलं २०१४ मध्ये. एक नर सत्तरीच्या पुढचा निघाला, म्हणजे माझ्याच वयाचा म्हणा. माकोची मादी अठरा-वीस वर्षांची झाल्यावर वयात येते आणि पिल्लं दीडेक वर्ष पोटात वाढवते.

म्हणजे आपण ज्याला मासा समजून जाळ्यात भरत होतो त्याचा संसार माशाचा नव्हताच. बांगडा लाखांनी अंडी सोडून मोकळा होतो. हे शार्क हत्तीसारखं किंवा माणसासारखं जगतात. उशिरा वयात येतात, मोजकी पिल्लं वाढवतात, दीर्घ जगतात. त्यांचा हिशेब मात्र आपण बांगड्याच्या वहीत मांडला. ‘सगळेच’ म्हटलं की असं होतं.

तेवढ्यात १९७५ चा ‘जॉज’ सिनेमा आला. त्यातला शार्क कायम भुकेला आणि माणसाच्या पाळतीवर असतो. त्यानंतर चारच वर्षांनी, १९७९ मध्ये, कॅरीने न्यूयॉर्कजवळच्या लाँग आयलंडच्या किनाऱ्याबाहेर एका मेलेल्या देवमाशावर ताव मारणाऱ्या ग्रेट व्हाइटच्या अंगात ध्वनी पाठवणारं छोटं यंत्र बसवलं आणि बोटीतून साडेतीन दिवस त्याचा पाठलाग केला. मासा सुमारे १९० किलोमीटर गेला. सरासरी वेग? ताशी ३.२ किलोमीटर. मी सकाळी फिरायला जातो तो वेग यापेक्षा जरा बरा असेल! अंग मात्र पाण्यापेक्षा तीन ते पाच अंशांनी गरम. कॅरीने अंदाज केला की देवमाशाच्या चरबीचं तीस किलोचं जेवण त्याला दीड महिना पुरावं. हा अंदाज पुढे चुकीचा ठरला. २०१३ साली ऑस्ट्रेलियातल्या मोजमापांवरून दिसलं की तेवढी चरबी जेमतेम बारा ते पंधरा दिवस पुरते. ऊब फुकट मिळत नाही, भट्टीला सरपण लागतं. ‘जॉज’ची कादंबरी लिहिणारे पीटर बेंचली यांना पुढे आपण रंगवलेल्या राक्षसाचा पश्चात्ताप झाला आणि २००६ मध्ये मृत्यू येईपर्यंत ते शार्कच्या रक्षणासाठी बोलत आणि लिहीत राहिले. चूक कळल्यावर एखाद्याने काय करावं, याचं हे उदाहरण मला मनापासून आवडतं.

२०२१ साली एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. १९७० पासून खुल्या महासागरातले शार्क आणि पाकट यांची संख्या ७१ टक्क्यांनी घटली आहे. माको आणि पोरबीगल हे आता आंतरराष्ट्रीय व्यापारावर बंधनं असलेल्या यादीत आहेत, पोरबीगल २०१३ च्या बैठकीत ठरल्याप्रमाणे आणि माको २०१९ च्या. २०१९ मध्येच अटलांटिकच्या मासेमारीवर देखरेख करणाऱ्या आंतरराष्ट्रीय आयोगाच्या शास्त्रज्ञांनी उत्तर अटलांटिकच्या माकोचा हिशेब मांडला. उद्यापासून एकही माको मारला नाही, तरी २०४५ पर्यंत त्यांची संख्या सावरण्याची शक्यता निम्म्याहून जराशीच जास्त. २०२१ च्या नोव्हेंबरमध्ये आयोगाने पुढची दोन वर्षं तिथला माको बोटीवर ठेवायलाच बंदी केली. २०४५ चा निकाल पाहायला मी काही असणार नाही.

शेवटी परत स्टेनोच्या दगडांकडे. माल्टाच्या त्या ‘जिभा’ मोठ्या होत्या, कारण त्यांतल्या पुष्कळशा मेगालोडॉन या नष्ट झालेल्या महाकाय शार्कच्या होत्या. २०२३ साली संशोधकांनी मेगालोडॉनच्या अशाच दगड झालेल्या दातांतून त्याच्या अंगाचं तापमान काढलं. कार्बन आणि प्राणवायू यांचे जड अणू एकमेकांना किती प्रमाणात जोडलेले राहतात हे दात बनताना असलेल्या तापमानावर अवलंबून असतं, आणि ही जोडणी कोट्यवधी वर्षं टिकते. उत्तर आलं, मेगालोडॉन त्याच्या भोवतीच्या पाण्यापेक्षा सुमारे सात अंशांनी गरम होता. सुमारे ३६ लाख वर्षांपूर्वी तो नाहीसा झाला. भक्ष्य कमी झाल्यावर एवढ्या मोठ्या गरम देहाचा खर्च त्याला झेपला नसावा, असं काही अभ्यासकांना वाटतं. त्यांचाही शब्द ‘असावा’ हाच आहे.

पुन्हा नियम बांधायची घाई करू नये म्हणून हेही सांगतो. वेगाने शिकार करतो तो शार्क गरम, बाकीचे थंड, असं म्हणावं तर त्याच २०२३ साली बास्किंग शार्कही अंशतः गरम असल्याचं दिसलं. हा अजस्र मासा तोंड उघडं ठेवून संथपणे पोहत बारीक जीव गाळून खातो, शिकार करतच नाही. आणि ओपा नावाचा एक गोल, लालसर मासा तर हृदयासकट अंगभर गरम असतो, हे २०१५ मध्येच कळलं होतं. शार्कच्या पाचशेहून जास्त जाती आहेत. त्यांतल्या मूठभर गरम, आपल्याकडे बाजारात येणारी मुशी किंवा मोरी धरून बाकीच्या थंड. म्हणजे पुस्तकातलं वाक्य बहुतेक माशांपुरतं खरंच होतं. फक्त ‘बहुतेक’ हा एक शब्द राहिला होता.

तो मुलगा आता पन्नाशीला आला असेल. कुठे असतो मला माहीत नाही, आणि त्याला तो तास आठवत असेल असंही नाही. पण त्याचा प्रश्न बरोबर होता. उत्तरपत्रिका आता माझ्याकडे नाहीत, नाहीतर त्या गाळलेल्या जागेचा एक गुण मी सगळ्यांनाच दिला असता.